ओटीतली मूठभर ज्वारी

एका जंगलात, बाळांनो, साळिंदरांचं एक कुटुंब होतं आणि त्यांचं ज्वारीचं शेत होतं. पणजोबांनी पंजांनी दगड उपसून ते तयार केलं. आजोबांनी बांध घातले. काटेरावांनी पाटी लावली: 'शेतानुभव केंद्र. स्वतः पेरा, फोटो काढा.'

शहराकडची माकडं येऊ लागली. रोज नवी टोळी, रोज पेरणी. पण अडचण अशी, की पेरलेलं उगवायचं. मग पुढच्या टोळीने पेरायचं कुठे?

काटेराव हुशार. त्यांनी कोठीतलं सगळं बियाणं भाजून घेतलं. घर निर्धास्त झालं.

त्याच साली थोरल्याचं लग्न झालं. घरची रीत अशी, की नव्या सुनेची ओटी घरच्या बियाण्याने भरायची आणि ते तिने पेरायचं. सासूबाईंनी देवापुढच्या तांब्यातली कच्ची मूठ काढली.

"जप हो. पणजोबांच्या वाणाचं एवढंच उरलंय."

सून सासऱ्यांकडे गेली. "मामंजी, हे कुठे पेरू?"

"पेरायला पाहुणे आहेत ना," काटेराव म्हणाले. "तू चहाचं बघ."

तिने चहाचं बघितलं. कपबश्या नेता-आणता बांधालगत एक ओळही पेरली.

एका सकाळी काटेराव दात घासत बाहेर आले आणि घराकडे वळून ओरडले.

"अरे, ऐकलंत का, शेतात पीक आलंय."

"कुणी बघितलं तर?" थोरला म्हणाला. "केंद्राचं नाव जाईल."

उपटायला निघाले, तोवर पाहुणे आलेच. एक माकडीण ओळीपाशी थांबली.

"हे काय?"

"ज्वारी," सून म्हणाली.

"छान जमलीय. अगदी खऱ्यासारखी."

काटेरावांनी ओळ राहू दिली. कणसं भरली तशी नवी पाटी लागली: 'घरचा हुरडा.' एका दुपारीच सगळं संपत आलं.

"मामंजी, एक कणीस न तोडता ताटावर राहू देऊ? बियाण्याला."

"राहू दे की. वाळलं की भाजून ठेव."

कणीस वाळलं. सून ते घेऊन चुलीपाशी गेली. चुलीत मात्र काही गेलं नाही.

पुढच्या साली धाकटी सून आली. सासूबाईंनी कोठीतल्या भाजक्या दाण्यांनी तिची ओटी भरली. मग थोरली कुंकू लावायला पुढे झाली. कुंकू लावायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

तात्पर्य: पेरलेलं कधीही उगवू शकतं. म्हणून बियाणं नीट भाजून घ्यावं, आणि घरातल्या सुनांना एकमेकींची ओटी भरू देऊ नये.