वांग आणि बिरादार गुरुजी

ऐन थंडीत बायकोच्या डोक्यावर छत्री धरून उदगीरच्या बाजारात कुणी फिरताना दिसलं, की समजा ते आमचे शेजारी बिरादार गुरुजी. विज्ञानाचे शिक्षक, रिटायर झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. स्वतःचं टक्कल उन्हात आणि छत्री सगळी काकूंवर. काकूंच्या दोन्ही गालांवर काळपट वांग. डॉक्टरांनी ऊन टाळा म्हणून सांगितलं, तर गुरुजींनी सूर्याशीच दुश्मनी मांडली.

दुसऱ्याच्या तोंडावर डाग दिसला की ह्यांची तपासणी सुरू. "ऊन? बाळंतपण? का कुणी सांगितलेलं क्रीम? आधी कारण सांगा!" भाजीवाली म्हणते, "गुरुजी, तुम्ही आधी मेथी किती जुड्या ते सांगा!" एकदा मी अंगणात गालाला लिंबू चोळत होते, तर कुंपणापलीकडून ओरडले, "अहो, ते वरणावर पिळा! चामडी भाजून घेता का?" वर उन्हाचं क्रीम, त्वचेचा डॉक्टर आणि धीर ह्या तीन विषयांवर अर्धा तास. हद्द झाली बाई!

आम्ही हसायचो. पण काकूंनी लग्नकार्याला जाणंच सोडलं होतं, त्याचं लई वाईट वाटायचं. म्हणून माझ्या लेकीला पहिली हळद काकूंनीच लावायची, असा मी हट्ट धरला. गुरुजींसोबत आल्या बिचाऱ्या, कोपऱ्यात बसल्या. आणि लातूरहून आलेल्या माझ्या नणंदेनं सगळ्यांसमोर विचारलंच, "काकू, तोंडाला काय झालं हो?"

झालं! आता गुरुजींचा तास भरणार, म्हणून मी कपाळाला हात लावला.

पण गुरुजी हळूच म्हणाले, "कारण मी हाय. बाया हिला डागांवरून टोचून बोलायच्या, म्हणून मीच मेडिकलमधून ट्यूब आणली. महिन्यात उजळली, तर मी शाळाभर सांगत सुटलो. डॉक्टरला न विचारता दोन वर्षं लावायला लावली. चामडी पातळ झाली, डाग दुप्पट काळे झाले."

नणंद खाली बघायला लागली. काकू उठल्या.

"मला डागाचं काय बी न्हाई हो," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं की ह्यांचं तोंड एवढंसं होतं. ते मला बघवत न्हाई. म्हणून मी घरात बसते."

मग हळदीची वाटी घेऊन त्या माझ्या लेकीसमोर बसल्या. गुरुजी भिंतीकडं तोंड करून खिशात रुमाल शोधत होते.