सहाव्याला नको

मिरजेच्या धातू ओळख कार्यालयात धातूला नाव विचारत नाहीत, इलेक्ट्रॉन मागतात. नाव काय, कोणीही काहीही सांगतो. म्हणून धातूला बाकावर बसवायचं, पुढ्यात स्टीलची वाटी ठेवायची आणि एकेक इलेक्ट्रॉन मागत राहायचं. प्रत्येकाला किती जोर लागला ते भिंतीवरचा काटा दाखवतो. काटा जिथे एकदम उडी मारतो तिथे खरा नकार, आणि त्याआधी किती दिले त्यावरून नाव.

ज्यांनी पंगतीत वाढलं आहे त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाहुणा पहिल्या जिलबीलाही 'नको' म्हणतो. तो नको खरा नसतो. ताटावर आडवा झाला की खरा. सोडियम एक देतो आणि दुसऱ्याला आडवा होतो, कॅल्शियम तिसऱ्याला. अशी सरळ मंडळी चहाच्या आत उरकतात. डोकेदुखी असते ती संक्रमण धातूंची. ही जात भिडस्त. प्रत्येक वेळी नको म्हणतात, मागच्यापेक्षा थोडं जोरात म्हणतात, आणि देतात. त्यांना ओळखायचं तर आपल्यालाच लाज गुंडाळून ठेवावी लागते.

त्या मंगळवारी बाकावर असाच एक राखाडी धातू बसला होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कपाळावर हळदकुंकू. ते हौसाबाई डुबल यांनी लावलं होतं. त्यांचे यजमान रंगराव पैलवान नडगी मोडून समोरच्या दवाखान्यात पडले होते, आणि डॉक्टरांनी हाडात घालायला टायटॅनियम आणा म्हणून सांगितलं होतं. हा धातू म्हणाला, मी टायटॅनियम असेन. हौसाबाईंनी त्याला घरी नेलं, न्हाऊ घातलं, भावजी म्हणायला लागल्या. त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं, कुणाच्या तरी अंगात राहून कुणाला तरी उभं करायचं.

"टायटॅनियम चार देतो," तपासनीस वैजयंतीबाई कुरुंदवाडे यांनी हौसाबाईंना समजावलं. "पाचव्याला याचा नकार खरा निघाला पाहिजे."

"निघंल की," हौसाबाई म्हणाल्या. "घरचाच हाय त्यो."

पहिला इलेक्ट्रॉन त्याने जवळजवळ हसतच काढून दिला. दुसऱ्याला काटा वर सरकला. हे दोन ओसरीवरचे, ते द्यायला कोणाला फारसं वाटत नाही. तिसरा माजघरातला. तो देताना त्याने मान खाली घातली. चौथ्याला वैजयंतीबाईंनी स्वतःच नजर फिरवली आणि फक्त काटा पाहिला. काटा चढला होता, पण सावकाश, घाटातल्या एसटीसारखा. इतक्या माणसांसमोर एखाद्याला असं सोलायचं, याची त्यांना नोकरीत इतकी वर्षं काढूनही लाज वाटत होती. धातू तर अर्धा झाला होता.

"आता पाचवा," त्या म्हणाल्या.

"नको," धातू म्हणाला. यापूर्वी कधीच म्हणाला नसेल एवढ्या जोरात म्हणाला. बाकाची कड दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले. हौसाबाईंनीही मिटले.

काटा चढला. सावकाशच चढला. आणि पाचवा इलेक्ट्रॉन टपकन वाटीत पडला.

धातूने वाटीकडे पाहिलं, मग हौसाबाईंच्या पायांकडे. वर बघायची त्याची छाती नव्हती.

"वहिनी, मी खरंच अडवला होता."

"बगितलं मी, भावजी."

"सहावा मागावा लागेल," वैजयंतीबाई पुटपुटल्या. "नियम आहे. नाहीतर नावच लागणार नाही."

त्यांनी मागितला. या वेळी धातूने काहीच धरलं नाही, जोरही केला नाही. नुसतं हळूच 'नको' म्हणाला. काटा दुपटीजवळ उडाला आणि थरथरत तिथेच राहिला. बाहेरचे संपले होते. आतलं भरलेलं घर होतं, त्याला त्याने कोणाला हात लावू दिला नाही.

"व्हॅनेडियम," वैजयंतीबाईंनी मोठ्याने पुकारलं, कारण पुकारावं लागतं. "कुपवाडचा स्प्रिंगचा कारखाना. उद्या सकाळी हजर व्हायचं."

ओळख पटली की इलेक्ट्रॉन परत मिळतात, पण ते तिथेच, सगळ्यांदेखत अंगावर चढवावे लागतात. धातू वाटी हातात घेऊन नुसता उभा राहिला. हौसाबाई उठल्या. त्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पदर पसरून आडोसा धरला.

"घ्या घालून. म्या न्हाई बगत."

"तुमच्या घरचं खाल्लं मी, वहिनी. तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"खाल्लं तर खाल्लं. रातीचं बी जेवूनच जायाचं हाय, आमच्याकडं."

दुपारी रांगेतल्या एका तेलकट धातूने चार दिले आणि पाचव्याला काटा उडवला. तो रंगराव पैलवानांच्या नडगीत गेला. त्याचं मन तिकडे नव्हतं, पण मन विचारायची पद्धत नाही.

संध्याकाळी डुबलांच्या घरी घरची माणसं पाटावर बसली. धातू कोपऱ्यातल्या पाटावर, भिंतीला टेकून. शेजारच्या बायकांना सगळं कळलं होतं, त्या दारातून वाकून बघत होत्या. हौसाबाई पोळ्या वाढत आल्या. पहिलीला तो नको म्हणाला. त्यांनी वाढली. दुसरीला, तिसरीला, चौथीला म्हणाला, त्यांनी वाढली. पाचवीला त्याचा आवाज जरा वर गेला, तीही वाढली.

सहाव्या पोळीला त्याने ताटावर हात ठेवला. हौसाबाई क्षणभर थांबल्या आणि पुढच्या पाटाकडे गेल्या. दारातल्या बायकांतूनही 'अहो घ्या की' असं कोणी म्हटलं नाही.