धरलेली जागा

उद्धवरावांनी बॅग टाकून जागा धरली आणि तिथेच सगळा घोळ झाला. बत्तीस वर्षं पिंपळे गुरवहून चाकणला कंपनीच्या बसने गेलेला माणूस. खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडायची सवय अंगात मुरलेली. मुलाने, सुजितने, हौसेने आई-वडिलांना युरोपच्या सहलीला पाठवलं, पण सवय थोडीच घरी ठेवून येता येते?

इटलीतलं जिनोआ. जुनं बंदर, आणि बघायला एकच दिवस. सुमनताईंना मागे बसलं की मळमळतं, म्हणून उद्धवरावांनी सगळ्यांच्या आधी पळत जाऊन बसच्या पहिल्या सीटवर बॅग ठेवली आणि बायकोला आणायला उतरले. शेजारी अगदी तशीच पांढरी बस उभी होती आणि आपली सहल त्या बसने जाणार होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बॅगवाली बस जर्मन मंडळींना घेऊन निघून गेली.

"पासपोर्ट बॅगेत होते," ते कसंबसं म्हणाले. सुमनताई काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की उद्धवरावांना जास्त भीती वाटे.

सहलीचा मॅनेजर दिग्विजय याने चौकशी केली. ती बस दीपस्तंभ, कोलंबसाचं घर आणि वरची टेकडी करून चारला इथेच परत येणार होती. काका, तोवर इथेच थांबा, असं त्याने परोपरीने सांगितलं. पण पासपोर्ट फिरत असताना उद्धवराव थांबतात कसले! त्यांनी टॅक्सी केली.

दीपस्तंभापाशी पोचले तर बस नुकतीच गेलेली. सुमनताई मात्र मान वर करून निवांत बघत राहिल्या. कोलंबसाच्या घरापाशीही बस नव्हती. तिथे सुमनताईंनी फोटो काढायला लावला. अशा वेळी हिला फोटो सुचतो तरी कसा, म्हणून उद्धवराव मनातल्या मनात जळत होते.

"हा कोलंबस आपल्याकडे यायला निघाला आणि भलतीकडेच पोचला," सुमनताई म्हणाल्या. "तुमच्यासारखाच."

मग त्यांनी आइस्क्रीम मागितलं. उद्धवरावांनी मुकाट्याने आणून दिलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. सगळी वर्षं ओव्हरटाइममध्ये गेली, बायकोला साधं अलिबाग दाखवलं नाही, आणि आज मिळालेला एकुलता एक दिवसही आपण मातीत घातला.

टेकडीवर मात्र बस सापडली. उद्धवराव धापा टाकत आत चढले. बस गच्च भरलेली, पण पहिली सीट रिकामी! कुणाची तरी जागा आहे म्हणून सकाळपासून तिथे कुणी टेकलंही नव्हतं. तशा घाईतही त्यांना जर्मन लोकांबद्दल आदर वाटला. बॅग घेऊन ते खाली उतरले आणि त्यांनी ती उघडली. आत चिवडा, मफलर, गोळ्या. पासपोर्ट नाहीत. ते मटकन कठड्यावर बसले.

"माझ्या पर्समध्ये आहेत," सुमनताई म्हणाल्या. "सकाळीच काढून घेतले होते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर सहल सोडून चारपर्यंत बॅगेची वाट बघत तिथेच बसला असता. आणि मलाही बसवलं असतं."

खाली सगळं बंदर उन्हात पसरलं होतं. सुमनताईंनी बॅगेतला चिवडा काढला, उद्धवरावांच्या ओंजळीत घातला आणि म्हणाल्या, "सरका जरा. मला बसू द्या."