तोफेची कवळी

रविवारी सकाळी दहा वाजेपर्यंत कवळीकाराने ती चित्रफीत एकोणीस वेळा पाहिली होती. विसाव्या वेळी त्याने चहा गाळणाऱ्या बायकोसमोर फोन धरला.

"बघ. तो 'केवळ' म्हणतो ना, तिथून नीट बघ."

चित्रफितीत एक व्यासपीठ होते, पाण्याचा पेला होता आणि पेल्यामागे हात उंचावून शहराची तोफ उभी होती. तोफ म्हणजे पूलवाल्यांचे वयोवृद्ध वक्ते. नदीवर नवा पूल व्हावा असे म्हणणारे ते पूलवाले आणि होऊ नये म्हणणारे ते नकोवाले. नदीने आजवर शहराचे जे दोन तुकडे केले नव्हते ते पुलाने केले होते, आणि तो अजून बांधलाही नव्हता.

"हा पूल म्हणजे केवळ लोखंड नव्हे, तर..." एवढे बोलून तोफेने पुढच्या शब्दासाठी तोंड उघडले, आणि वेळ झाली म्हणून फळाने देठ सोडावा तितक्या निर्विकारपणे वरची कवळी सुटली आणि थेट पेल्यात पडली. डुबुक. त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात पाण्यावरचे वलयदेखील ऐकू आले असते. मग सभागृह फुटले.

"पडली बिचाऱ्यांची," बायको म्हणाली. "त्यात एवढं काय?"

"बिचाऱ्यांची? आपल्या नकोवाल्यांच्या अध्यक्षबाईंची खुर्ची मोडली तेव्हा हा भर सभेत काय काय बोलला, विसरलीस?"

"तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात."

"नाहीच जेवलो. पडलेल्या माणसाला हसणं ही काय रीत झाली?" असे म्हणून कवळीकाराने चित्रफीत एकविसाव्यांदा लावली.

त्याच्या आनंदाला आणखी एक कारण होते. आदल्या संध्याकाळी त्याने नकोवाल्यांच्या गटावर एक वाक्य टाकले होते: 'ज्याला स्वतःची कवळी धरून ठेवता येत नाही, तो पूल काय धरून ठेवणार?' तासाभरात त्याखाली तीनशे हसरे चेहरे उगवले. सकाळी नाक्यावर कुणीतरी ते पुठ्ठ्यावर रंगवून टांगले. त्याचे एकही वाक्य आजवर स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून गेले नव्हते, आणि हे तर चौकात उभे होते.

बायकोने चहाचे भांडे खाली ठेवले. "जरा थांबवा हो ते. मोठं करून दाखवा."

"तोंड?"

"नाही, पेला. त्यातले दात."

कवळीकाराने चित्र मोठे केले. पाण्याच्या भिंगातून दातांची ती कमान शांतपणे वर पाहत होती.

"डावीकडचा, मधल्याला लागून असलेला दात बघा. किंचित वळवलाय."

कवळीकाराचा चहा गार होऊ लागला.

स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तीस वर्षे तो कवळ्या घडवत आला होता. दातांच्या डॉक्टरीणबाई टाळूचे प्लास्टरचे साचे पाठवत आणि त्यांवर फक्त क्रमांक असे. तोंडे त्याच्याकडे नावांशिवाय येत आणि नावांशिवाय जात. तीस वर्षांत त्याच्या हातची एकही कवळी परत आली नव्हती. ही एकच मिरवण्यासारखी गोष्ट त्याच्यापाशी होती. आणि एक सवय. पुढच्या रांगेतला डावीकडचा तो एक दात तो नेहमी केसभर तिरका बसवी. "सरळ ओळीत दात उभे राहिले की माणूस खोटं हसल्यासारखा दिसतो," असे तो म्हणे. शहरात दुसरे कोणीही असे करत नसे.

दोघे त्या खोलीत गेली. बायकोने नोंदवही उघडली.

"दोनशे चौदा. मागच्या महिन्याची सहा तारीख. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी जोडली होती, 'पेशंटची सभा आहे, लवकर द्या.'"

काम संपल्यावर मूळ साचा फोडावा लागतो, म्हणून त्याआधी तो प्रत्येक साच्याची एक प्रत काढून फळीवर ठेवी. दोनशे चौदाची प्रत त्याने खाली काढली आणि अंगठा टाळूच्या मागच्या कडेवर फिरवला. तिथे एक बारीक खाच असायला हवी होती. ती खाच कोरली की कवळीची कड टाळूत रुतते, आत हवा शिरत नाही आणि कवळी चिकटून राहते. अंगठ्याखाली प्लास्टर गुळगुळीत होते, एखाद्या निरागस माणसाच्या मनासारखे.

"खाच विसरलात," बायको म्हणाली.

"मी विसरत नाही."

"सहा तारखेला सकाळी काय करत होतात?"

त्याने फोनमध्ये मागे जाऊन पाहिले. सहा तारखेला अकरा ते बारा या तासात त्याने तोफेविरुद्ध चौदा संदेश लिहिले होते. शेवटच्या संदेशात म्हटले होते: 'याचे दात याच्याच घशात घालायला हवेत.' त्या वेळी तो तेच दात घासून घालण्यायोग्य करत होता.

त्याच रविवारी संध्याकाळी पूलवाल्यांनी पत्रक काढले. पडली ती कवळी नसून तो घातपात होता. ती बनवणाऱ्याला हुडकून काढावे आणि शहरात कोणीही त्याच्याकडे काम नेऊ नये. नकोवाले कसे मागे राहतील? त्यांनी रात्रीच्या जेवणाआधीच ठराव केला की त्या अज्ञात कलावंताला शोधून त्याचा जाहीर सत्कार करावा. त्यासाठी शोधसमिती नेमली आणि धंद्यातला जाणकार म्हणून अध्यक्षपदी कवळीकाराची एकमताने निवड केली.

"काखेत कळसा," बायको म्हणाली, आणि गावाचा वळसा तिने त्याच्यावर सोपवला.

कवळीकार खिडकीशी बसून राहिला. बहिष्कार एक वेळ सोसला असता. गवताने वणवा सोसावा तसा, मुळे राखून. पण आयुष्यातल्या एकमेव बिघडलेल्या कामासाठी गळ्यात हार? 'खाच विसरणारा' म्हणून मानपत्र? तीस वर्षांची निर्दोष कामे अंधाऱ्या तोंडांत राहणार होती आणि हे एक भिंतीवर लागणार होते.

सोमवारी दुपारी समितीची बैठक शिंप्याच्या दुकानात भरली. शिंपी चिटणीस होता. त्याने पेल्याचा फोटो दारभर मोठा करून भिंतीला टाचला होता. निवृत्त पोस्टमन आणि किराणावाल्या काकू स्टुलांवर बसल्या होत्या.

"हा दात बघा," पोस्टमन म्हणाला. "वाकडा आहे. हीच त्याची खूण. असा दात दिसला की माणूस सापडला."

"दुसऱ्याच्या तोंडात डोकावत फिरणार का आता?" काकू म्हणाल्या, आणि तिघेही खळखळून हसली. खोलीत तोच तिरका दात तीनदा चमकला. स्वतःचे हसू कोणाला दिसत नाही आणि दुसऱ्याचे कोणी निरखत नाही, एवढ्याच भरवशावर कवळीकार तगून होता.

"तुमचं काय मत, अध्यक्ष?" शिंप्याने विचारले.

"परगावचं काम दिसतंय," कवळीकार ओठ मिटून म्हणाला.

मंगळवारी दुपारी साडू आला. साडू निवृत्त बस कंडक्टर आणि कट्टर पूलवाला. आल्या आल्या त्याने खिशातून रुमाल काढला, तो उलगडून मेजावर स्वतःची कवळी ठेवली आणि शेजारी पत्रकातला फोटो ठेवला.

"फाडूबुवा," तो म्हणाला, "हे काय आहे?"

"आधी ती घाला, मग बोला."

साडूने ती घातली. चेहऱ्यावर असा आनंद होता की त्याला कवळीही पुरत नव्हती. "मला किती बरं वाटतंय म्हणून सांगू. दोन वर्षं ऐकून घेतोय तुमचं. तुमचं मानपत्र मीच लिहितो, आणि बहिष्काराचं पत्रकही मीच वाटतो."

"लिहा की, भाऊजी," बायको शांतपणे म्हणाली. "मग पुढची कवळी कुठनं करून घेणार, तेही लिहा."

साडूने जिभेने दात चाचपले आणि तो विचारात पडला.

"तसं नको," कवळीकार एकाएकी म्हणाला. "तुम्ही मला तोफेकडं घेऊन चला."

"माफी मागायला?"

"काम परत घ्यायला. आपलं बिघडलेलं काम कुणाच्या तोंडात ठेवायचं नाही. मग तो कुणीही असो."

तोफ घरी कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर घालून बसली होती आणि दुधात पाव भिजवून खात होती. व्यासपीठावर आकाश पेलणारा हा माणूस खुर्चीत पेनाच्या टोपणाएवढा दिसत होता. साडूने ओळख करून दिली. कवळीकाराने साचा पुढे ठेवला आणि नसलेली खाच दाखवली. सहा तारीख, अकरा ते बारा, चौदा संदेश, सगळे सांगितले.

तोफेने साचा उलटसुलट करून पाहिला. "'तो पूल काय धरून ठेवणार', ते वाक्य कुणाचं?"

"माझंच," कवळीकार म्हणाला.

"चांगलं आहे. माझ्याकडं असतं तर मी तुमच्या अध्यक्षबाईंवर वापरलं असतं."

"मी दुसरी करून देतो. पक्की. ही मला परत द्या."

"दुसरी द्या. जेवायला हवीच. पण ही परत मिळणार नाही." म्हाताऱ्याने पावाचा तुकडा दुधात बुडवला. "चाळीस वर्षं भाषणं करतोय. मागच्या तीन रांगा झोपायच्या. शनिवारपासून पाच ठिकाणची आमंत्रणं आलीत. तुमचे नकोवालेसुद्धा येतो म्हणतात, पुन्हा पडते का बघायला. आणि कधी पडेल ते ठाऊक नाही, म्हणून शेवटपर्यंत ऐकावं लागतं त्यांना. पडल्यावर मी एवढा मोठा होईन हे आधी कळलं असतं तर तिशीतच पडलो असतो."

साडूच्या चेहऱ्यावरचा आनंद वाट चुकल्यासारखा इकडेतिकडे पाहू लागला.

"अडचण एकच," तोफ पुढे म्हणाली. "ही वाटेल तेव्हा पडते. काल फोनवर बोलताना पडली, वाया गेली. मला ती नेमकी 'केवळ' या शब्दानंतर पडायला हवी. जमेल?"

 कवळीकाराचा अंगठा साच्याच्या मागच्या कडेवर पुन्हा फिरू लागला होता.

"करणार तुम्ही ते?" घरी आल्यावर बायकोने विचारले.

"घट्ट बसणारी कवळी कुणीही करेल. पण एरवी घट्ट, आणि जिभेनं मागून जरा ढकललं की सुटणारी... कुणी केली असेल आजवर?"

"शत्रूसाठी?"

"टाळूसाठी," कवळीकार म्हणाला आणि फोन खणात टाकून त्याने खण लावला.

जेवायची कवळी एका दिवसात झाली. दुसरीने तीन दिवस घेतले. खाच खोल झाली की सुटेना, उथळ झाली की टिकेना. त्या दोन चुकांच्या मध्ये केसाएवढी एक जागा होती आणि तिच्या शोधात त्याने नऊ कवळ्या फुकट घालवल्या. शोधसमितीच्या दोन बैठका अध्यक्षांविना झाल्या. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कानशीच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. पूल व्हावा की न व्हावा, हे त्याला एकदाही आठवले नाही.

शनिवारी दुपारी मैदानावर सभा झाली. निम्मे पूलवाले होते, निम्मे नकोवाले. कवळीकार साडूच्या खांद्याला खांदा लावून तिसऱ्या रांगेत उभा होता. 

"हा पूल म्हणजे केवळ..."

मैदानाने श्वास धरला.

"ढकला," कवळीकार पुटपुटला. "आता. हळूच."

कवळी सुटली. सरळ, संथ, ठरल्या जागी. डुबुक. सारे मैदान एका सुरात हसले आणि दोन्ही गोटांतल्या शेकडो तोंडांत तो तिरका दात उन्हात लखलखला. तोफेने सावकाश कवळी पेल्यातून काढली, झटकली आणि टक् असा आवाज करून बसवली. "केवळ लोखंड नव्हे," ती म्हणाली, "तर भरवसा आहे. निसटला तरी पुन्हा बसवता येतो."

त्या 'टक्'नंतर कवळीकाराला राहवले नाही. त्याने टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत वाजवल्या.

रविवारी सकाळी दहा वाजता साडू दारात उभा होता.

"मला गटातून काढलं," तो म्हणाला. "नकोवाल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो म्हणून."

"मलाही," कवळीकार म्हणाला. "शिंप्यानं टाळ्या वाजवतानाची चित्रफीत काढली. गद्दार म्हणतायत. सत्कार रद्द, शोधसमिती बरखास्त. तो कलावंत आता कुणालाच नकोय."

त्याच्या आवाजात दुःख शोधूनही सापडले नसते. बायको चहा घेऊन आली. शेजारणीने पाठवलेली ती चित्रफीत तिच्या फोनवर होती.

"लाव ना पुन्हा," कवळीकार म्हणाला. "मला नको बघू. मागच्या आवाजाकडं कान दे. बसताना आवाज ऐकलास? टक्. फट नाही, काही नाही."

त्याने ती सात वेळा ऐकली. मग तिघे चहा पीत बसली. बाहेर पुठ्ठ्यावरचे ते वाक्य अजून लटकत होते, पण उन्हाने त्याचा रंग उडू लागला होता.

"साडूबुवा," साडू थोड्या वेळाने म्हणाला, "आता आपण हसायचं कुणाला?"

"समोरासमोर बसलाय की," बायको म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि खरोखरच हसू लागले. हसता हसता साडू पुढे वाकला आणि डोळे बारीक करून कवळीकाराच्या तोंडात पाहू लागला.

"अहो, तुमचाही डावीकडचा तिरका आहे. तुम्ही कवळी कधी बसवली?"

"माझा जन्मापासूनच तसा आहे," कवळीकार म्हणाला, आणि त्याने बशीत चहा ओतला.