बायकोच्या विश्रांतीचा दिवस

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला एक दिवसाची संपूर्ण विश्रांती द्यायची, असं मी ठरवलं. (मी काही ठरवलं की आमच्या घरात आधी काळजीचं वातावरण पसरतं.) गावाबाहेरच्या द्राक्षमळ्यात वाईन चाखायला देतात, असं ऑफिसात कळलं होतं. मी आठवडाभर वाईनवरच्या पुस्तकाची घोकंपट्टी केली आणि बसमध्ये बसल्यापासून हिला ते म्हणून दाखवायला लागलो. हिने सोबत कादंबरी आणली होती. बिचारी पहिल्या पानापुढे सरकू शकली नाही.

मळ्यातल्या माहितगार बाईंनी आमच्यापुढे ग्लास मांडले आणि शेजारी एक भांडं ठेवलं.

"घोट तोंडात घोळवायचा आणि यात टाकून द्यायचा."

"टाकून?" मी दचकलोच. पानात काही टाकलं, तर आमची आई संध्याकाळी तेच पुन्हा वाढायची. त्या संस्कारांना जागून मी माझे सगळे ग्लास रिकामे केले. मग हिने एकेक घोट घेऊन बाजूला सारलेलेही संपवले.

"अहो, पुरे आता."

"अगं, मला काही होत नाही. हं, तर लाकडी पिंपाचं महत्त्व असं की..."

डोळे उघडले तेव्हा मी वेलींच्या मांडवाखाली बाकावर आडवा होतो आणि उन्हं उतरली होती. मी धडपडत उठून बसलो. वर्षानुवर्षं घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला मी एक दिवस देऊ केला, आणि त्याचंही मातेरं केलं!

ही समोरच्या खुर्चीवर पाय पसरून कादंबरीचं शेवटचं पान वाचत होती.

"चुकलो गं. तुझा दिवस वाया घालवला."

"वाया?" तिने पुस्तक मिटलं. "अहो, मळाभर हिंडले. दुसऱ्याच्या हातचं गरम गरम जेवले. 'माझा चष्मा कुठंय' म्हणून कुणी हाक मारली नाही. लग्न झाल्यापासून असा दिवस मिळाला नव्हता. खरंच, थँक्यू हं." तिचे डोळे भरून आले.

माझेही आले. अशी बायको मिळायला नशीब लागतं. मी मनातल्या मनात देवाचे, मळ्याचे आणि त्या बाईंचेही आभार मानले.

निघताना बाईंनी विचारलं, "मग, कुठली वाईन आवडली?"

हिने क्षणभरही विचार केला नाही. "ती शेवटची लाल. खोकंच द्या."

"वा! नेमकं काय आवडलं? रंग, सुगंध, चव?"

"चव काही आठवत नाही," ही म्हणाली, "पण ती प्यायल्यावर हे बोलायचे थांबले."