आठव्या भागाची वाट

कुरिअरच्या ऑफिसात काउंटर सांभाळणाऱ्या एका बाईचा पाय जिन्यात मुरगळला आणि डॉक्टरांनी तिला चार दिवस घरी बसवलं. नुसतं बसून करणार काय? तर सतराव्या वर्षी जिच्या नादात परीक्षेत दांडी उडाली होती, ती प्रेमाची कोरियन मालिका पुन्हा बघायची असं तिनं ठरवलं. पाय उशीवर, फोन पोटावर. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पहिल्याच भागात हीरोनं हिरॉइनला चारचौघांत मूर्ख म्हटलं. पुढे तिनं आणलेला डबा कचऱ्यात टाकला. तिसऱ्या भागात तर मनगट धरून तिला जिन्यावरून फरफटत नेलं. (पाय मुरगळलेल्या माणसाला हे बघवत नाही.) सतराव्या वर्षी ती या पोरावरून जीव ओवाळून टाकायची. आता वाटलं, याच्या दोन कानाखाली द्यायला घरात कुणी मोठं माणूस नव्हतं का? आठव्या भागात तो ढसाढसा रडतो, तेव्हा कुठे कळतं की उद्धटपणा सगळा वरवरचा, आत नुसतं प्रेम.

तो भाग आला आणि तिनं फोन पालथा ठेवला.

चौदा वर्षांपूर्वी मावशीनं सुचवलेल्या एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला ती कॅफेत भेटली होती. तो अर्धा तास उशिरा आला. तुम्ही फार बोलता, म्हणाला. कॉफी अर्धी टाकून उठला. दुसरी कुणी असती तर तिनं मावशीशीही बोलणं टाकलं असतं. हिनं घरी जाऊन होकार कळवला. वरून असा आहे, म्हणजे आत केवढं असेल! झालं, तेव्हापासून ती आठव्या भागाची वाट बघत होती आणि नवरा अजून तिसऱ्यातच होता. त्या दुपारी ती खूप रडली. एका पोरकट मालिकेच्या भरवशावर आपण संसार मांडला आणि आत काही नव्हतंच, असं तिला वाटलं.

संध्याकाळी नवरा आला, हात ग्रीसनं माखलेले. पाय कसा आहे ते विचारलं नाही. डोळे उघडे ठेवून चालत जा, म्हणाला. त्या पहिल्या भेटीत तुम्ही तसे का वागलात, असं तिनं विचारलं. तो हात धुवायला गेला. ती लंगडत मागोमाग गेली आणि पुन्हा विचारलं.

"तू नाही म्हणावंस म्हणून," तो नळाकडे बघत म्हणाला. "मला लग्न करायचं नव्हतं. आई ऐकत नव्हती. म्हटलं, असं वागलं की कुणीही नाहीच म्हणेल."

"आणि मी हो म्हटल्यावर?"

"नवल वाटलं. एवढं करूनही हिला आपण आवडलो. त्याआधी कुणालाच आवडलो नव्हतो." त्यानं हाताला पुन्हा साबण लावला. "मग तसाच राहिलो. तुला तसाच आवडतो ना."

हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, तिला कळेना. तसं वागणं मला कधीच आवडलं नाही, एक दिवसही नाही, हे तिनं सांगून टाकलं. त्यानं हातावरचा साबण धुऊन टाकला. मग, आधी सांगायचंस, तसं वागून मीही दमलो होतो, एवढंच म्हणाला आणि नळ बंद केला.

जेवताना त्यानं दोनदा घसा खाकरला. अडकलेल्या लिफ्टकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "आज छान दिसतेस."

चौदा वर्षं ती ज्यासाठी थांबली होती, ते हेच. पण सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "का? काय हवंय?"

त्यानं नजर ताटाकडे वळवली.

"मीठ," म्हणाला.