सहाशे शेणींचा माणूस

आमच्या पेठेतला हिंदुराव टेलर समोर आलेल्या माणसाला नमस्कार करायचा नाही. आधी डोक्यापासून पायापर्यंत बघायचा, पोटापाशी नजर जरा थांबवायचा, डोळे बारीक करायचा आणि आकडा सांगायचा. मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी कॉलेजात होतो. "चारशे दहा," म्हणाला आणि निघून गेला.

हा आकडा म्हणजे तुम्ही गेल्यावर तुम्हाला जाळायला किती शेणी लागतील, त्याचा अंदाज. शेणी म्हणजे गोवऱ्या. आमच्या कोल्हापुरात सरणाला लाकूड थोडं आणि शेणी जास्त, ही जुनी रीत. जन्मभर शर्ट-विजारी शिवून या माणसाची नजर अशी तयार झाली होती की टेप काढायची गरजच पडायची नाही. पण टेलरनं छातीचं माप सांगावं, सरणाचं कशाला? माझं लग्न ठरलं तेव्हा सासरे पहिल्यांदा घर बघायला आले. हा दारातच उभा. "पावणं, साडेतीनशे. काटक हायसा." सासऱ्यांना वाटलं, इकडं असंच स्वागत करत असतील. त्यांनी हात जोडले. मी आजतागायत त्यांना अर्थ सांगितलेला नाही.

पेठ त्याला तोंडावर आप्पा म्हणायची आणि पाठीमागं शेणीआप्पा. हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं नव्वद सालाच्या पुढंमागं. दुकानात कागदात बांधून भजी आली होती. भजी संपल्यावर त्यानं कागद वाचला. पृथ्वी तापत चाललीय आणि आभाळात वर ओझोन नावाचा थर आहे त्याला भोक पडलंय, असं त्यात होतं. खालचा भाग तेलानं गेला होता, त्यामुळं यावर उपाय काय ते त्याला वाचायला मिळालं नाही. ते त्यानं स्वतःच ठरवलं.

"वर कापडाला भोक पडलंय," गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावून तो सांगायचा, "आन् आपण खालनं धूर सोडून त्येला डाग पाडतोय. रफू आपल्या पेठंपास्नंच सुरू कराय पायजे." भोक वेगळं आणि ताप वेगळा, असं शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी त्याला एकदा बसून समजावलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सरांची विजार दोन इंच आखूड शिवली.

मग मंडळ निघालं. वसुंधरा ताप निवारण मंडळ, आणि पुढं कंसात नियोजित. हा बोर्ड दुकानाच्या बोर्डापेक्षा मोठा. मंडळ शेवटपर्यंत नियोजितच राहिलं, कारण नोंदणीला लेखी घटना लागते आणि आप्पा म्हणायचा, "घटना माझ्या डोक्यात हाय. त्यास्नी पायजे तर येऊन बघू देत." सभा दर रविवारी दुकानात. एवढ्याशा दुकानात वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसलेली असायची, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, काय ही पेठेची जागृती. जागृती कसली डोंबलाची. प्रत्येकाचा एकेक कपडा आप्पाच्या फळीवर अडकलेला असायचा. "शर्ट तयार हाय. रविवारी सभा झाली की मिळंल." मी स्वतः एका विजारीपायी धरणीमातेच्या तापावर तीन व्याख्यानं ऐकलीत.

दोन हजार सालानंतर पुण्याच्या एका मोठ्या संस्थेच्या बाई जीपनं आल्या. लोकांना तुम्ही संघटित कसं करता, असं त्यांनी विचारलं. आप्पानं फळीवरच्या विजारी दाखवल्या. बाईंनी ते भराभरा लिहून घेतलं. मग त्यानं बाईंकडं बघून डोळे बारीक केले आणि म्हणाला, "तीनशे साठ." बाईंनी तेही लिहून घेतलं. पुढं त्यांच्या अहवालात मंडळाशी जोडलेली कुटुंबं तीनशे साठ अशी छापून आली. आमच्या पेठेत एवढी कुटुंबं नाहीत.

आता मंडळाचं काम काय? तर होळी. होळीला घरापुढं पाच शेणी पेटवायच्या, नारळ वाहायचा आणि बाकीच्या शेणी स्मशानाला दान द्यायच्या. तिथं शेणी असल्या की सरणाला लाकूड कमी लागतं, झाड वाचतं, आणि इकडं धूरही कमी. "जाळायचंच हाय तर मेलेल्या माणसाला जाळा की. नुसतंच कशाला जाळतासा?" खरं सांगायचं तर मुद्द्यात खोट नव्हती. पण बरोबर असलेला माणूस आप्पासारखा असेल, तर चुकीच्या बाजूला उभं राहण्यात वेगळीच मजा येते.

त्या बाजूला सगळ्यात पुढं माझा बाप उभा होता.

तात्या म्हणजे जुना पैलवान. कुस्ती सुटली तसं अंगही सुटलं. आमच्या पिठाच्या गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसायचा, आणि बायका डबे घेऊन बाजूनं वाट काढत आत यायच्या. तालमीची होळी तात्याची. दोन पुरुष उंच. बाकीचे चौक आमच्या होळीकडं बघून आपली रचायचे. आप्पानं हे बरोबर हेरलं होतं. तात्याची होळी खाली आली की सगळ्या पेठेची खाली येणार, नाहीतर मंडळ विजारींवरच चालणार. म्हणून दर वर्षी होळीच्या आधी पंधरा दिवस तो गिरणीवर यायचा.

"तात्या, औंदा होळी लहान करायची."

"टेलर, तू विजारी लहान कर."

"पाच जाळ. बाकीच्या स्मशानात दे."

"मी जाणारच हाय की तिकडं. जाताना घिऊन जातो."

"तुला सहाशे लागतील. एवढ्या एका दिसात कोण आणणार?"

"तू हाईस की."

हे सहाशे तात्याला फार आवडायचे. पेठेत दुसरा कुणी पाचशेच्या वर नव्हता. गिरणीवर आलेल्या नव्या माणसाला तो स्वतःहून सांगायचा, "आमचा टेलर अंदाजाला पक्का. मला सहाशे म्हणतोय." जसं काही पदकच मिळालंय.

होळी पेटली की पहिली बोंब तात्याची. तोंडावर हात मारून, छाती फुगवून, "टेलरच्या नावानं..." आणि मागनं सगळा चौक. आप्पा समोरच्या कोपऱ्यावर हाताची घडी घालून उभा असायचा. दर वर्षी. स्वतः कधी तोंडावर हात नेला नाही, आणि बोंब ऐकल्याशिवाय हललाही नाही. मला वाटायचं, किती शेणी जळाल्या ते मोजायला येतो. मोजायचाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर हजर. "काल नऊ माणसं जाळलास तात्या. त्यातलं एकबी मेल्यालं नव्हतं."

आप्पाच्या घरी बसायच्या खोलीत शेणींची एक थप्पी होती. भिंतीला लागून, छातीएवढी उंच, वरनं शर्टाच्या उरलेल्या तुकड्यांची गोधडी. दान आलेल्या शेणी हातगाड्यावरनं स्मशानाला जायच्या, ही थप्पी मात्र जागची हलायची नाही. उन्हाळ्यात माडीवर नेऊन वाळवायची, पावसाच्या आधी परत रचायची. त्याची बायको, आमची काकी, बिचारी वैतागलेली. "घरात पावणं आलं की उभंच ऱ्हातंय," म्हणायची. पेठेनं अर्थ लावला तो असा: दुनियेला दानाचा उपदेश आणि स्वतःच्या सरणाची घरात सोय. मी हे एका रविवारी भर सभेत बोलून दाखवलं. लोक पोट धरून हसले. आप्पा तेवढंच म्हणाला, "बाळू, माप घिऊन बोलावं." आणि माझी विजार आणखी एक आठवडा अडकली.

पुढं तात्याला साखरेनं धरलं. पायाची जखम भरेना, जेवण तुटलं, आणि दोन वर्षांत माणूस बघवेना असा झाला. त्यानं माडीवरची खोली धरली ती सोडलीच नाही. जुने शर्ट अंगावर लोंबायचे, पण नवीन शिवायला टाकू द्यायचा नाही. मला बजावून ठेवलं होतं, "वर कुणाला सोडू नकोस. टेलरला तर न्हाईच." आप्पा गिरणीवर येऊन विचारायचा, "तात्या कसा हाय?" मी सांगायचो, "बरा हाय." खोटं बोलताना मला लाज वाटायची, पण बापाचा शब्द होता. त्या दोन्ही होळ्यांना तात्यानं माडीच्या खिडकीआडनं बोंब मारली. अंगाचं पार चिपाड झालं होतं, आवाज तेवढा सहाशेचा राहिला होता. कोपऱ्यावर आप्पा हाताची घडी घालून उभा होता. ऐकलं आणि समाधानानं घरी गेला.

तात्या गेला तो भर पावसाळ्यात. आठ दिवस उघडीप नव्हती. पंचगंगा पात्राबाहेर आलेली, नेहमीच्या स्मशानात पाणी, त्यामुळं वरच्या बाजूला सोय केली होती. पण हवेतच इतकी ओल की तिथल्या शेणी हाताला मऊ लागत होत्या. तालमीचे लोक रॉकेल शोधायला पळाले. बापाला घेऊन मी पत्र्याखाली उभा, आणि तो नीट जळणार नाही हीच भीती.

तेवढ्यात हातगाडा आला. ओढत होता आप्पा, मागनं प्लॅस्टिकचा कागद धरून काकी. दोघं नखशिखांत भिजलेली, आणि कागदाखाली थप्पी कोरडी ठणठणीत. गोधडीसकट.

"सहाशे हायत," आप्पा म्हणाला. "त्याच्याच हायत. पंधरा वर्सं झाली, साठवून ठेवल्यात."

मला भर सभेत बोललो होतो तेच आठवत होतं.

मग तो तात्याजवळ गेला. सवयीनं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. पोटापाशी नजर थांबली. तिथं पोट नव्हतंच. डोळे बारीक केले, पण आकडा सांगितला नाही. त्या माणसाला आकडा न सांगता मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग वाकला आणि एकेक करून शेणी स्वतःच्या हातानं रचायला लागला, कुणाला हात लावू दिला नाही.

मी मडकं घेऊन फिरलो, मडकं फुटलं, तोंडावर हात मारून बोंब मारायची असते ती मारली. नीट निघाली नाही. शेणी मात्र एका काडीत पेटल्या. सगळे मागं सरले तरी आप्पा गाड्यापाशीच उभा. गाड्यावर दोनशे शेणी उरल्या होत्या.

"सहाशेचा माणूस हुता," तो म्हणाला. "चारशेतच झाला. दोनशे शेणींचा तात्या आधीच गेला की रं, बाळू. आन् मला कुणी सांगितलं बी न्हाय."

त्यानंतरच्या होळीला मी तालमीच्या पोरांना सांगितलं, औंदा पाच शेणी. त्या हातगाड्याला आमच्याकडनं दुसरं काय उत्तर देणार होतो? पोरांनीही ऐकलं. संध्याकाळी चौकात पाच शेणी रचल्या. त्या एवढ्याशा होळीकडं बघून माझं मलाच कसंतरी झालं. लोक जमले. पहिली बोंब कुणी मारायची, हे कुणाला कळेना.

समोरच्या कोपऱ्यावरनं गाडा आला. त्यावर दोनशे शेणी.

"आप्पा, हे काय?" मी म्हटलं. "पाचच करा म्हणून पंधरा वर्षं तुम्हीच डोकं खाल्लंत न्हवं?"

"व्हय. पुढच्या साली पाचच. एक जरी जास्त लावलीस तर बघ." तो शेणी उतरवायला लागला. "ह्या त्याच्या हायत. त्याच्या होळीत जाऊ देत."

दोनशेही त्यानं स्वतःच रचल्या. होळी पेटली, ज्वाळा माडीच्या खिडकीपर्यंत गेल्या. मग होळीला आयुष्यात कधी बोंब न मारलेला तो माणूस पुढं झाला, तोंडावर हात मारला आणि ओरडला, "तात्याच्या नावानं..."

सगळ्या चौकानं साथ दिली. मग एकेक जण थांबला. आप्पाचा हात काही तोंडावरनं खाली येईना, आवाज फाटला तरी थांबेना. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आप्पा, पुरे आता."

"थांब जरा," तो म्हणाला. "पंधरा वर्सं त्यानं मारली माझ्या नावानं. माझी ही पयलीच हाय."